रोलप्लेसाठी प्लॉट सुचवा : कर्वेनगरचा टू बीएचके, पाच रूममेट

कर्वेनगरी
नमस्कार मंडळी. आम्ही पाच मित्रमैत्रिणी डिस्कॉर्डवर एक रोलप्ले सुरू करतोय. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि त्याच्याच डोक्याने लिहायचं. एकाने प्रसंग टाकला की दुसऱ्याने पुढे न्यायचा. पात्रं सगळी एकोणीस ते बावीस वयाची, कॉलेजात शिकणारी, बाहेरगावाहून पुण्यात आलेली. जागा ठरली आहे : कर्वेनगरमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, लिफ्ट नाही, हॉलमध्येही एक जण झोपतो.

अडलंय ते प्लॉटपाशी. ग्रुपवर आत्तापर्यंत आलेल्या कल्पना म्हणजे शेजारच्या फ्लॅटमध्ये खून, बंद खोलीतलं भूत आणि एकाला लागलेली लॉटरी. यातलं काहीही घेतलं तरी दोन आठवड्यांत रूममेट बाजूला पडतात आणि पोलीस नाहीतर मांत्रिक कथा ताब्यात घेतो. मला हवंय ते पाच जण एका घरात राहतात म्हणूनच घडणारं. पण ‘भांडी कोणी घासायची’ यावर किती दिवस लिहिणार? पाचही जणांना शेवटपर्यंत काम राहील असं काय सुचतं तुम्हाला?

वाचनमात्र
भांड्यांवर आम्ही अख्खी डिग्री काढली. विषय संपला नाही, भांडी संपली.

पेठेतला
कर्वेनगर सोडा, सदाशिव पेठेत या. जुना वाडा, वरच्या मजल्यावर कॉट बेसिसवर पोरं, खाली मालक स्वतः राहतात. लाकडी जिना. रात्री उशिरा आलं की तिसरी पायरी वाजते आणि खालून खाकरण्याचा आवाज येतो. फ्लॅटचा मालक परदेशात नाहीतर बंगळुरात असतो, त्याचा फक्त मेसेज येतो. तुम्हाला रोज समोर उभा राहणारा माणूस हवा. शिवाय मालकांच्या भावाभावांत सह्या अडकलेल्या, बिल्डर दारात आणि पोरांची परीक्षा तोंडावर. आयता प्लॉट आहे.

कर्वेनगरी
@पेठेतला, वाडा मलाही आवडतो. पण आमच्यातल्या दोघींची पात्रं कमिन्सला (कर्वेनगरातलं मुलींचं इंजिनीअरिंग कॉलेज) आहेत, त्यांना कर्वेनगरच सोयीचं. आणि आमच्यापैकी कोणीच वाड्यात राहिलेलं नाही, त्यामुळे लिहिताना सगळं नाटकी होईल. वाजणारी पायरी मात्र घेते!

निळी_छत्री
दोघी म्हणजे? मुलं-मुली एकाच फ्लॅटमध्ये? कर्वेनगरात नुसत्या मुलींना जागा देतानासुद्धा सेक्रेटरी वहीतून नियम वाचून दाखवतात. बाहेरचं कोणी रात्री राहायला नको, मित्र वर आणायचे नाहीत, गॅलरीत कपडे कसे वाळत घालायचे इथपर्यंत. मुंबईची मालिका असल्यासारखं मिश्र घर दाखवलंत तर पुण्यात राहिलेला वाचक दुसऱ्याच प्रसंगाला उठून जाईल.

मी म्हणेन, तिसऱ्या मजल्यावर दोघी-तिघी मुली आणि दुसऱ्या मजल्यावर मुलं. टाकी एकच, पाण्याची मोटर एकच, इंटरनेटही खालून वायर ओढून अर्धंअर्धं. म्हणजे रोज संबंध येणार आणि रोज चोरून येणार. आमच्याकडे एकीचा सख्खा भाऊ परीक्षेसाठी गावाहून आला, रात्री अकराला स्वारगेटला उतरला. त्याला वर घ्यायचं की नाही यावर जिन्यात जी कुजबुज झाली, त्या एका रात्रीत चार मुलींचे चार स्वभाव लख्ख दिसले. एक म्हणाली माझा भाऊ असता तर. एक म्हणाली पण माझा नाहीये ना. तिसरी काहीच न बोलता खाली जाऊन त्याच्यासाठी वडापाव घेऊन आली. चौथी मी, कारण करारावर सही माझी होती.

वाचनमात्र
मग भाऊ झोपला कुठे?

निळी_छत्री
खालच्या मुलांकडे. आणि तिथून पुढची गोष्ट सुरू झाली.

करारनामा
‘करारावर सही माझी होती’ हे वाक्य सोडू नका. तुमचा प्लॉट त्यातच आहे.

पुण्यात फ्लॅट घेताना होतो तो लिव्ह अँड लायसन्स करार, बहुतेक वेळा ११ महिन्यांचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ म्हणतं की तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नाही आणि वाद उभा राहिला, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य. दुसरीकडे कलम २४ आहे : मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई.

आता खेळात हे टाका. राहतात पाच, करारावर नावं दोघांची, कारण बाकीचे ‘नंतर घालू’ म्हणून राहून गेले. डिपॉझिट मात्र पाचांनी जमवलेलं. नोव्हेंबरमध्ये त्या दोघांतला एक म्हणतो, मी चाललो, माझा वाटा द्या. कोण देणार? नवीन माणूस आणायचा तर आणायचा कोणी, आणि त्याची खोली कुठली? बघता बघता पाचही जण कामाला लागले की नाही? आणि खेळाची लांबीही आपोआप ठरते : ११ महिने, ११ फेऱ्या. जूनमध्ये किल्ली हातात, एप्रिलअखेर भिंतीवरचे डाग मोजणं.

कर्वेनगरी
हे फार कामाचं आहे. ११ फेऱ्या तर लगेच पक्क्या.

मांजराकाठ
एक विनंती आहे, आधीच करून ठेवतो. पाचांतला एक लातूरचा नाहीतर नांदेडचा असणार, आणि तो ‘काय करायलास’ म्हणाला की बाकीचे चार हसणार, असं लिहू नका. आमची बोली ही आमची बोलायची रीत आहे, ती विनोदाची जागा नाही. त्याला हुशारही करा, चिडकाही करा, प्रेमातही पाडा, पण त्याचं काम फक्त हसवणं नको.

आणि एक पात्र स्पर्धा परीक्षेवालं ठेवाच. डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच एमपीएससीचा अभ्यास सुरू केलेले कितीतरी. अभ्यासिकेतली त्याची जागा कधी बघितलीय? दोन बाजूंना प्लायवूडच्या फळ्या, समोर चिकटपट्टीने लावलेला अभ्यासक्रम, कडेला पाण्याची बाटली, खुर्चीवर घरून आणलेली उशी, आणि एका कोपऱ्यात स्वतःच्याच हाताने लिहिलेलं भावी पदाचं नाव. घरी रूममेट वाढदिवसाचा केक कापत असतात तेव्हा हा तिथे असतो. त्याला यायचं नसतं असं नाही.

खरी घटना हवी असेल तर ऑगस्ट २०२४ घ्या. राज्यसेवा पूर्व २५ ऑगस्टला होती, त्याच दिवशी आयबीपीएसची बँक भरतीची परीक्षा. शास्त्री रस्त्यावर मुलं रात्रभर बसली, नंतर आयोगाने परीक्षा पुढे ढकलली. आता घरातले दोघं तयारी करणारे धरा. एक आंदोलनात बसलेला, दुसरा म्हणतो माझा अभ्यास झालाय, मला त्याच तारखेला परीक्षा हवी. खोली एक, कॉटमध्ये दोन फुटांचं अंतर. या भांडणात दोघंही बरोबर आहेत, म्हणून ते लिहायला अवघड आणि म्हणूनच लिहावं असं.

अभ्यासिका_३
@मांजराकाठ +१. त्या रात्री मी रस्त्यावर होतो आणि माझा रूममेट खोलीत दिवा लावून वाचत होता. आजही आमचं चांगलं आहे. त्या तारखेबद्दल आम्ही बोलत नाही.

अन्नपूर्णा
मी नवी पेठेत बरीच वर्षं मेस चालवली, आता मुलगा बघतो. तुमच्या या गोष्टीत जेवण कुठे आहे? मुलं काय शिकतात ते मला कधी कळलं नाही, पण कोणाचं काय चाललंय ते डब्यावरून कळायचं.

मेसचं गणित सांगते. महिन्याचे पैसे आगाऊ. रविवारी दुपारी गोडाचं, रविवारी संध्याकाळी बंद. गावी जायचं तर आधी सांगायचं, तर खाडे धरले जातात, न सांगता गेलं तर नाही. खाड्यांवरून मुलं जेवढी भांडतात तेवढी भाड्यावरून नाही भांडत.

एका खोलीत तीन मुलं होती आणि डबे दोन जायचे. तिसरा म्हणे बाहेर खातो. पण दोन डब्यांत पोळ्या रोज जास्त मागितलेल्या, ‘काकू, दोन वाढवून द्या, भूक लागते.’ सडपातळ पोरं, एवढी भूक कुठली? एकदा पोराला ताप आला म्हणून मीच डबा घेऊन वर गेले, तर तिघं जमिनीवर वर्तमानपत्र पसरून दोन डब्यांत जेवत होते. तिसऱ्याच्या घरून पैसे येणं थांबलं होतं. त्याने सांगितलं नव्हतं, या दोघांनी विचारलं नव्हतं. नुसत्या पोळ्या वाढवून घेत होते. मी पुढे त्या पोळ्यांचे पैसे लावले नाहीत आणि मीही काही विचारलं नाही.

तुमच्या पाचांत असा एक असू द्या. कोणाला कधी आणि कसं कळतं, यावर तुमच्या दोन-तीन फेऱ्या सहज जातील.

कर्वेनगरी
काकू, हे वाचून आमच्या ग्रुपवर सगळे गप्प झाले आणि मग एकदम तिघांनी ‘ते पात्र मला’ म्हणून हात वर केले.

वाचनमात्र
रविवार संध्याकाळ = पोह्यांवर पोहे. या विषयावर वेगळा धागा काढला पाहिजे.

पेठेतला
अवांतर : आमच्या वेळी रविवारी संध्याकाळी अमृततुल्यमध्ये क्रीमरोल आणि दोन चहा हेच जेवण होतं. वेगळा धागा काढाच.

सातपुडा
धागा रुळावर असतानाच एक अवघड प्रसंग सुचवतो. पाच जण फ्लॅट शोधतात. चौघांची आडनावं सांगितल्यावर एजंट ‘या बघायला’ म्हणतो. पाचव्याचं नाव शेख आहे. संध्याकाळी फोन येतो, ‘अहो तो फ्लॅट गेला.’ दुसऱ्या दिवशी त्याच फ्लॅटची जाहिरात पुन्हा दिसते. हे पुण्यात घडतं, जळगावहून आलेल्या माझ्या वर्गमित्राबरोबर माझ्यादेखत घडलं. कधी आडनावावर घडतं, कधी ‘तुम्ही नॉनव्हेज खाता का’ या प्रश्नाआडून घडतं. रूममेटवर लिहिताय आणि हे टाळलंत तर घर खोटं वाटेल.

पेठेतला
मुद्दा खरा आहे, पण मला भीती वाटते. असं पात्र आलं की गोष्ट प्रवचनाकडे जाते. मग उरलेले चौघं फक्त चांगले नाहीतर वाईट एवढेच उरतात.

सातपुडा
@पेठेतला, प्रवचन येतं ते लिहिणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असलं की. इथे उत्तर देऊ नका, सौदा द्या. फ्लॅट कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर, भाडं परवडणारं, हवा मोकळी, आणि जून संपत आलाय. एजंट चौघांना बाजूला घेऊन सांगतो, ‘करारावर त्याचं नाव नको, राहू दे नंतर गुपचूप.’ चौघांपैकी कोणीही वाईट नाही. दमलेत, लॉजचं बिल वाढतंय. आणि तो पाचवा स्वतःच म्हणतो, ‘चालेल, नाव नका घालू.’ आता सांगा कोणाला काय वाटलं. एकाला सुटल्यासारखं, एकाला लाज, एकाला त्याचाच राग की तू का हो म्हणालास. वर @करारनामा यांनी ‘बाकीचे नंतर घालू म्हणून राहून गेले’ म्हटलंय ना, त्यातलं एक नाव राहून गेलं नव्हतं, ठेवलं नव्हतं.

करारनामा
हे माझ्यापेक्षा चांगलं जुळवलंत. आणि पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती द्यावी लागते. तो कागद भरायची वेळ आली की हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. जूनमध्ये दाबलेलं सप्टेंबरमध्ये वर येईल.

निळी_छत्री
ते पात्र कोण लिहिणार हे मात्र नीट ठरवा. ज्याला ते घर, ती भाषा, ईदला आईचा येणारा फोन आतून माहीत आहे असं कोणी असेल तर उत्तम. नसेल तर ज्याला माहीत आहे त्याला विचारून लिहा, अंदाजाने नको.

पेठेतला
@सातपुडा, पटलं. सौदा म्हणून आलं तर प्रवचन होणार नाही.

तिसरी_घंटा
उशिरा आलो. सगळं वाचून काढलं आणि मला या सगळ्यावर चढवता येईल असा एक मजला दिसतोय.

पाचांतला एक एकांकिका करणारा ठेवा. पुण्यात कॉलेजच्या पोराला नाटकाचं वेड म्हणजे पुरुषोत्तम करंडक. कॉलेजांची ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, प्रयोग भरत नाट्य मंदिरात. जुलै-ऑगस्टमध्ये पोरं घरी फक्त अंघोळीला येतात. तालमी रात्री, हजेरी कमी, डोळे लाल, बॅग स्टेजवरच्या सामानाने भरलेली. रूममेट वैतागलेले, कारण हॉलमधली खुर्ची, मांडणीवरचा कंदील, चादरी सगळं तालमीला गेलेलं.

आता माझा प्लॉट : तो एकांकिका लिहितोय ती या घरावरच. डबा वाटून खाणारा, करारावर नाव नसलेला, भावाला वर न घेणारी, सगळे त्यात आहेत. नावं बदलली आहेत, पण बाटलीचं झाकण दातांनी उघडायची सवयसुद्धा तशीच ठेवलीय. घरात कोणालाच माहीत नाही. प्राथमिक फेरीला तो हौसेने सगळ्यांना बोलावतो, कारण त्याच्या मते ही त्याची त्यांना दिलेली भेट आहे. दिवे जातात, पडदा उघडतो, आणि अंधारात बसलेला तो पोळ्यांवाला मुलगा स्टेजवर स्वतःला दोन डब्यांत जेवताना बघतो.

तोवर कोणी कोणाला काही विचारलेलं नसतं, आणि आता सभागृहाला कळलेलं असतं. घरी परतताना त्या पाच जणांनी एकाच रिक्षाने यायचं की नाही, इथून पुढचे चार महिने.

आणि त्याला बक्षीस मिळालं की नाही हे सोपं ठेवू नका. २०२२ साली परीक्षकांनी पुरुषोत्तम करंडक कोणत्याच संघाला दिला नव्हता. इतकं सगळं पणाला लावून शेवटी काहीच हाती न येणं हेही शक्य आहे.

वाचनमात्र
__/\__

मांजराकाठ
हे करा. पण त्या मुलाला रागावण्याचा पूर्ण हक्क द्या. लेखक किती थोर ते दाखवण्यासाठी त्याने शेवटी माफ करायला हवं असं काही नाही.

अन्नपूर्णा
मांजराकाठ बरोबर बोलतायत. त्या पोराने कोणाकडे एक पैसा मागितला नव्हता. त्याची भूक दुसऱ्याने परस्पर लोकांपुढे मांडली. मला राग आला असता.

तिसरी_घंटा
मान्य. तो नाटकवालाही वाईट नाही, हे मात्र लिहिणाऱ्याने शेवटपर्यंत धरून ठेवावं. त्याला ते दृश्य सुंदर वाटलं म्हणून त्याने लिहिलं. दुसऱ्याचं आयुष्य आपल्याला सुंदर वाटतं, तेव्हा त्याला विचारायचं राहतं.

फासे_माझे
मी बरेच रोलप्ले चालवले आहेत, त्यामुळे थोडं तांत्रिक. प्लॉट उत्तम जमलेत, पण खेळ बंद पडतात ते दुसऱ्याच कारणांनी.

पहिलं म्हणजे दुसऱ्याचं पात्र परस्पर हलवायचं नाही. ‘मी दार उघडलं आणि तो रडत होता’ असं लिहायचं नाही. दार उघडा आणि थांबा. तो रडतोय की गेम खेळतोय हे ते पात्र ज्याचं आहे तो लिहील. खोलीत काय आहे हे माहीत नसतं तेव्हाच लिहायला मजा येते.

प्रत्येकाचं गुपित फक्त एकाला माहीत असू द्या, सूत्रधाराला. तुमच्यातलाच एक सूत्रधार करा, जो पात्र घेणार नाही. गुपित निवडताना एवढंच बघा की ते फोडायला दुसऱ्या कोणाची तरी गरज लागेल. उदाहरणार्थ इंजिनीअरिंगवाल्याला वायडी (इयर डाउन, म्हणजे नापास होऊन वर्ष वाया जाणं) लागलाय. घरी सांगितलं नाही, रोज बॅग घेऊन बाहेर पडतो. हे त्याच्या एकट्यापाशी राहिलं तर चार परिच्छेद उदास लिहून संपेल. पण त्याच्या बाबांनी फोन न लागल्यामुळे रूममेटला फोन केला, की दोघांचा प्रसंग झाला. ‘सबमिशनला गेलाय काका’ असं त्या रूममेटने खोटं बोलायचं की नाही? बोलला तर पुढच्या वेळीही बोलावं लागणार.

आणि कोणी लिहायचं थांबलं तर पात्र मारू नका. पोरं गावी जातात. दिवाळी असते, बहिणीचं लग्न असतं, शेतात काम असतं. बॅग भरा, पाठवा, खाडे धरा. परत आला तर तोपर्यंत त्याच्या कॉटवर काय काय साठलंय हाच त्याचा पहिला प्रसंग.

अभ्यासिका_३
वायडीवाल्याचं अगदी खरं. आमच्याकडे बाबा थेट दारात आले होते, सोबत तूप आणि शेंगदाण्याची चटणी. त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून एक पूर्ण खोटं वेळापत्रक उभं केलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि निघताना फक्त ‘जेवत जा रे’ म्हणाले. त्यांना कळलं होतं.

सातपुडा
पावसाचीही एक फेरी ठेवा. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, सुमारे ३५ हजार क्युसेक, आणि सिंहगड रस्त्याची एकतानगरी पाण्यात गेली. मध्ये मुठा आणि राजाराम पूल, पलीकडे तुमचं कर्वेनगर. पलीकडच्या वर्गमैत्रिणी ओल्या कपड्यांनी, सर्टिफिकेटची फाइल तेवढी पोटाशी धरून तिसऱ्या मजल्यावर आल्या तर? सेक्रेटरींची वही काय म्हणते तेव्हा?

निळी_छत्री
सेक्रेटरी स्वतः चहाचा थर्मास घेऊन वर येतील. वहीवाली माणसंसुद्धा अशी असतात, तेही लिहा.

कर्वेनगरी
सगळ्यांचे मनापासून आभार. आमची ग्रुपवर बैठक झाली. ठरलं ते असं :

मुली तिसऱ्या मजल्यावर, मुलं दुसऱ्या मजल्यावर, टाकी एक. पात्रं पाच : कमिन्सच्या दोघी, वायडी लागलेला, पदवीसोबत एमपीएससी करणारा लातूरचा, आणि एकांकिकावाला. दोन डब्यांतला तिसरा यांच्यातलाच कोणी एक असेल, कोण ते फक्त सूत्रधाराला माहीत. सूत्रधार मी, माझं पात्र ग्रुपमधल्या आणखी एका मैत्रिणीकडे दिलंय. शेख हे कमिन्समधल्या एकीचं आडनाव आहे. ते पात्र घेतलंय आमच्या अहिल्यानगरच्या (आधीचं अहमदनगर) मैत्रिणीने. ती म्हणाली, ‘मला विचारून लिहायची गरज नाही, मीच लिहिते.’ त्यामुळे तो करारावरच्या नावाचा प्रसंग मुलींच्या घरात होईल. जून ते एप्रिल, ११ फेऱ्या. पूर जुलैच्या शेवटी, प्रयोग त्याच्या पुढच्या फेरीत. नोव्हेंबरमध्ये कोण जाणार ते लिहिता लिहिता ठरेल.

पाच पात्रांबाहेरची माणसं मात्र कमी पडतायत. घरमालक, एजंट, सेक्रेटरी, वायडीवाल्याचे बाबा. इथल्या कोणाला अधूनमधून येऊन लिहायला आवडेल?

करारनामा
एजंट मी. एक महिन्याचं भाडं दलाली, आणि ‘पार्टी तयार आहे, उद्यापर्यंत टोकन द्या’ हे दर दोन वाक्यांनी.

पेठेतला
सेक्रेटरी माझ्याकडे द्या. वही माझी मी आणतो. थर्मासही.

अभ्यासिका_३
बाबा मी लिहीन.

अन्नपूर्णा
मेसवाली काकू तुम्ही यादीत घातलीच नाही. मी मुलाकडून टाइप करून घेईन. वरच्या मजल्यावर डबे किती, खालच्या मजल्यावर किती, ते पहिल्या तारखेच्या आत कळवा. पैसे आगाऊ, खेळात असले तरी.